नावापायी नापास

हर्सूल

चि. सर्जेराव यास थोरली बहीण गोजरबाईचा जयभीम. तू, वहिनी, ढोरंवासरं बरी असाल. आपल्या पिशोरच्या विहिरीनं तळ दाखवला म्हणं. इथं बी तेच. रोज नवी इमारत उठतीया अन् नळाला आठवड्यातून गुळणीपुरतं पाणी (त्या इमारतीतले लोक आंघोळ कशानं करतात, मला कळलं नाय).

माझ्या काळजाची एक झडप आखडलीया, हे तुला ठावं. त्यापायी डॉक्टरकीच्या कॉलेजात दर परीक्षेला मला बोलावणं असतं. आपण खाटेवर निजायचं, पोरापोरींनी नळी लावून आजार ओळखायचा. वर चहा-बिस्किट. दत्तोपंत सर शिकवायला होते तवर मी आवडीनं जायची. माणूस खवट, पण तऱ्हा अशी, की वर्षाच्या सुरुवातीला आधी एखाद्या पोरालाच सदरा काढून खाटेवर निजवायचे अन् नळी माझ्या हातात द्यायचे. कोण लाजायचं, कोण पोट आत ओढून धरायचं. मग पुढं पोरं आपसूक हात चोळून गरम करायची, विचारून अंगाला लावायची.

मागल्या परीक्षेला मनस्विनी नावाची पोर आली, चिमणीगत थरथरत. मला आली कीव. सर पाठमोरे बघून मी तिला सगळं सांगून टाकलं, कुठली झडप, नळी कुठं ठेव, आवाज कसा. पोरीनं सरांपुढं धडाधडा म्हणून दाखवलं. सर म्हणाले, "छान. या बाईंचं नाव काय?" पोर माझ्या तोंडाकडं बघाय लागली. नापास. मी खाटेवरून उठून भांडले, नावापायी पोरीचं वर्ष घालवता व्हय? तर म्हणाले, "गोजरबाई, आजार तुम्ही सांगितला. नाव तरी तिनं विचारायचं होतं."

मी रागानं परत बोललेच नाय. उन्हाळ्यात सर वारले. बोलायचं राहिलं ते राहिलंच.

परवा गेले, तर नवे साहेब. पोरांना म्हणाले, ही झडप ऐका. मी झडप. थंडगार नळ्या लागल्या, पदर कुणी सावरून दिला नाय, सगळे निघून गेले. एकटी मनस्विनी मागं राहिली. तिनं पदर नीट केला, खाटेशी बसली, म्हणाली, "गोजरबाई, खरं सांगू का?" अन् सांगितलं, की झडप आता लई दिवस पुरायची नाय, ऑपरेशन बी सोसायचं नाय. इतकं सरळ मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. रडली तीच. माझं बिस्किट मी तिला दिलं.

तुझी बहीण
गोजर

ता.क. सरांनी मेल्यावर आपला देह कॉलेजलाच दिला म्हणं. मला बी द्यायचाय. घरच्या माणसाची सही लागती, अन् मला तुझ्याबिगर कोण हाय. वहिनी म्हणंल, नणंदेला कापायला देता व्हय? तिला सांग, जिती हाय तवर तू बी काय कमी कापलं नाय.

आणखी एक. घाई नाय, पाऊस झाल्यावर ये. कापणाऱ्या पोरांना हात धुवायला पाणी तर पाहिजे. फक्त सही करताना तिथल्या माणसाला बजाव, तवा काय मला बोलता यायचं नाय, तर पोरांना माझं नाव आधीच सांगून ठेवा.