पडायची लाज

सोमवार, ता. ६ फेब्रुवारी १९११
आणि वर हे मलाच म्हणतात, ओरडू नको. का ओरडू नको? ऊन अंगणात आलं तरी दस्तगीर लोळतोय. मिसरूड फुटून किती वर्षं झाली, आईनं उठवायचं अजून. गेल्या आठवड्यात वस्तादानं त्याचा लंगोट आणि वळकटी घरी पाठवून दिली. तालीम बंद. का, ते विचारलं की तोंड फिरवतो. सगळ्या मंगळवार पेठेला ठाऊक, आईलाच न्हाय. शेवटी पाण्याला गेलते तिथं बायकांकडनं कळलं. तालमीचा रिवाज हाय, कुस्ती धरायच्या आधी हौद्यातली माती ज्यानं त्यानं उकरायची, कितीबी मोठा पैलवान असो. मलकापूरच्या जत्रेत कुस्ती मारल्यापासनं आमचा नवाब फावड्याला हात लावत न्हाय. बारकी पोरं उकरणार, हा मऊ मातीत उतरणार.
हे म्हणाले, वस्ताद जळतो पोरावर. झालं.
जो येतो तो एकच बोलतो, अल्लानं अंग दिलंय पोराला. शेजारची आक्का म्हणते, देवानं दिलंय. दिलंय, दिलंय. कान किटले माझे. कापूसबी त्यानंच दिला की. आम्ही पिंजारी, आमच्या दारात तो गोळे होऊन, कचऱ्यासकट येतो. तसाच, न पिंजता, गादीत भरून झोपून दाखवा म्हणावं कुणी.

बुधवार, ता. ८
कबनूरहून माझा भाऊ करीम आला. स्वतःचा हातमाग सोडून दस्तगीरला जत्रा हिंडवणार म्हणे. गावोगाव फेटे, नारळ, हलगी. कुस्तीची जोड करीमच ठरवणार, म्हणजे समोर कोण ते बघून.
म्हटलं, आणि मेहनत?
"आपा, असल्या अंगाला मेहनत कशाला? नुसता मांडी ठोकून उभा राहिला तरी समोरच्याचं पाणी होतंय."
हे हसले. द. पण हसला. दूध मी आटवायचं, बदाम मी वाटायचे, हसायला हे तिघं. तवा आपटला आणि उठले.

शनिवार, ता. ११
तालमीवर गेले. बाईमाणसानं आत जायचं नसतं, ठाऊक हाय. पायरीखाली उभी राहिले आणि हाक मारली. वस्ताद बाहेर आले, अंगाला माती तशीच. भांडायलाच गेलते. म्हटलं, माझ्या पोराची वळकटी फेकायला तुम्ही कोण.
ते चिडले न्हाईत, त्याचाच जास्त राग आला. महाराजांच्या पदरी एक थोर पैलवान हाय, त्याचं सांगाय लागले. एवढं नाव झालं, पण पहाटे फावडं त्याच्याच हातात. आणि रोज आपल्यापेक्षा हलक्या पोरांना अंगावर घेतो, म्हणतो, पाडा मला. कुठं सैल पडलो ते पडल्याशिवाय कळत न्हाय म्हणे. आमचा द. काय करतो? जो हमखास पडणार त्यालाच धरतो.
"भाबी, पडायची लाज वाटती त्याला. ती न्हाय गेली तर आज हाय तेवढाच राहील तो."
उद्याचा सोडून पुढल्या रविवारी हौद्यात नवी माती पडणार. ताक, तेल, हळद घालून सगळी तालीम मिळून ती मळती. त्या दिवशी जो मळायला येईल तो ह्या सालाला तालमीचा. वस्ताद बोलावणं धाडणार न्हाईत. ह्यानं आपल्या पायानं यायचं.
येताना सगळ्या वाटंभर वस्तादाला शिव्या दिल्या. खरं बोलतो मेला.

मंगळवार, ता. १४
द. जत्रेहून आला. डोक्याला गुलाबी फेटा. डोळं मिटून उघडेपर्यंत कुस्ती झाली म्हणाला.
समोर कोण हुता?
"गुऱ्हाळावरचा गडी."
दिवसभर चुलवणापुढं राबलेला माणूस, त्याला पाडून हा फेटा बांधून आला. ह्यांची पिंजायची धनुकली त्याच्या हातात दिली. म्हटलं, पिंज. गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या गाद्या भरायच्यात, कापूस पडलाय ढीगभर. बसला ऐटीत. थोड्या वेळात खांदा भरून आला, फेटा सुटला, कापूस नाकातोंडात. ह्यांच्या अंगावर मूठभर मांस न्हाय, हे दुपारपर्यंत न थांबता पिंजतात.
हे आधी हसले. मग पोराच्या हाताकडं बघत बसले. वस्ताद जळतो, असं आज म्हणाले न्हाईत.

गुरुवार, ता. १६
आज उकललं. द.नं आपणहून सांगितलं, तेबी मी शिव्या देऊन दमल्यावर.
माळ्याचा गणपा हाय तालमीत. शेवग्याच्या शेंगंसारखा पोरगा. मलकापूरहून आल्यावर त्यानं ह्याला सगळ्यांदेखत चीत केलं. तेव्हापासनं हा फावडं धरत न्हाय. ताठा म्हणून न्हाय. उकरणारे आधी आपसात धरतात, म्हणजे माती उकरली की आधी त्या गणपाशीच धरावं लागणार.
"अम्मा, त्याला अल्लानं काय दिलंय सांग? काडी हाय नुसता."
म्हटलं, तेच मी तुला विचारते. काडी हाय, तर तू खाली कसा?
एवढा आडदांड, पण तोंड पाळण्यातल्या पोरासारखं झालं. जीव तुटला माझा. हात फिरवावासा वाटला पाठीवरनं. फिरवला न्हाय. आजवर सगळ्यांनी तेच केलंय. मग परत राग आला, त्याचा न्हाय, सगळ्या पेठेचा. दिलंय दिलंय म्हणून पोराच्या डोक्यात भरवलं. आता त्याला वाटतं, एकदा पडला म्हणजे अल्लानं काही दिलंच नव्हतं.

शुक्रवार, ता. १७
करीमचा निरोप आला. रविवारी सकाळी बैलगाडी घेऊन येतोय, पुढल्या जत्रा ठरल्या. रविवारीच तिकडं माती पडणार.
हे म्हणतात, पोराच्या कलानं घेऊ. कल कसला? कल बघत बघतच हे झालं. ह्यांना बाहेर बसवलं आणि द.ला समोर उभं केलं. म्हटलं, गाडीत बसायचं असलं तर बस, अडवणार न्हाय, पण मग माझ्यासमोर पैलवान म्हणवून घ्यायचं न्हाय. माती मळायला जायचं असलं तर गणपाकडनं पडायला जायचं, रोज पडायचं, तो पाडायचा थांबेपर्यंत.
"बघतो की," म्हणाला.
बघतो चालणार न्हाय. मामाला विचारून न्हाय, बापाकडनं कळवून न्हाय, मान हलवून न्हाय. गाडी का माती, तुझ्या तोंडानं मला सांगायचं. उद्या शनिवार. दिवस बुडून मगरिबची अजान व्हायच्या आत.