दीडशहाण्याची लाल पट्टी

३ फेब्रुवारी
ऐतिहासिक दिवस. मालकांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं की मोठं ग्राइंडिंग मशीन परदेशी चाललंय, जहाजाने. पॅकिंगपासून बोटीवर चढेपर्यंत सगळं डिस्पॅचकडे, म्हणजे माझ्याकडे. मशीन धड पोचलं, तर तिकडे ते उभं करून द्यायलाही मीच जायचं. धड नाही पोचलं तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. असल्या शंका हलक्या माणसांना येतात.

डिझाइनवाल्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. डिझाइनवाला म्हणजे दुर्दैवाने माझा साडू, हिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. मी त्याला दीडशहाणा म्हणतो. अर्थात मनात. गेल्या वर्षी सासऱ्यांचा टेबलफॅन मी दुरुस्त केला, तर या गृहस्थाने सगळ्यांसमोर तो उघडून पुन्हा दुरुस्त केला. तेव्हापासून आमचा अबोला आहे. पंखा माझ्या हातूनही फिरत होता. उलटा फिरत होता, एवढंच.

संकल्प: आजपासून चिडणं बंद, साखर बंद, दीडशहाण्याचा विचार बंद.

४ फेब्रुवारी
साखर घेतली. दिवसभर दीडशहाण्याचा विचार केला. चिडलो. उद्यापासून नक्की.

९ फेब्रुवारी
प्रवासासाठी बॅग आणली. निळी, चार चाकांची. डिस्पॅचमधला पांढरा रंग आणून तिच्यावर ठसठशीत अक्षरांत स्वतःचं नाव घातलं. ही म्हणाली, अहो, बाजारात तुरी आणि तुमची बॅग आधी. मी म्हटलं, तुझ्या माहेरच्यांना दूरदृष्टी म्हणजे काय ते कळायचं नाही. सासऱ्यांना फोन करून परदेशी जात असल्याचं सांगितलं. ते म्हणाले, धाकटे जावईबापूही बरोबर आहेत का? फोन ठेवून दिला.

१४ फेब्रुवारी
शिपिंग एजंट आला. हा इसम माझ्याशी बोलताना स्वतःच्या मोबाइलकडे बघतो. मशीन एवढं मोठं की बंद कंटेनरमध्ये मावत नाही, फ्लॅट रॅकवर जाणार. म्हणजे नुसता तळ आणि दोन टोकांना भिंती. बाजू नाहीत, छप्पर नाही. एजंट म्हणे, मशीनभोवतीचा लाकडी खोका, म्हणजे क्रेट, तळाच्या कडेबाहेर बोटभरही आला तरी बोटीवर शेजारची जागासुद्धा आपल्यालाच घ्यावी लागेल. मी म्हटलं, बोटभर काय, केसभरही येणार नाही. वीस वर्षं माल पाठवतोय, गोट्या नाही खेळलो.

१५ फेब्रुवारी
माप घेतलं. चार बोटं बाहेर.

दोषी लगेच सापडला. मशीनचं टेबल, म्हणजे तो वर मागेपुढे सरकणारा अजस्र ठोकळा, दीडशहाण्याने एका जाड लोखंडी पट्टीने सांगाड्याला जखडून ठेवलाय. पट्टी बाजूने बाहेर येते, म्हणून क्रेट रुंद होतो. वर तिला भडक लाल रंग. लक्ष वेधून घ्यायची सवयच आहे त्याला. साडू व्हायच्या आधी एका लग्नातही लाल टाय लावून आला होता. लग्न माझं होतं.

संध्याकाळी, घरी
पोळ्या लाटता लाटता ही म्हणाली, धाकटीचा फोन होता, भाऊजींना सांग म्हणाली, ती लाल पट्टी मशीन पोचेपर्यंत काढायची नाही. म्हणजे दीडशहाणा बायकोला सांगणार, बायको बहिणीला सांगणार, आणि मी ते लाटण्याच्या तालावर ऐकून घेणार! हिला बजावलं, कंपनीचं तांत्रिक काम ओट्यावरून चालत नाही. काही सांगायचं असेल तर माणसासारखं समोर येऊन बोलावं. ही म्हणाली, मग तुम्ही जा की बोलायला. पण पहिल्यांदा बोलायचं कुणी, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

१६ फेब्रुवारी
पट्टी काढली. स्वतः, दोन फिटर हाताशी घेऊन. क्रेट आता कडेच्या आत. शेजारची जागा वाचली. मालक सगळ्यांसमोर शाबास म्हणाले. पट्टीचं त्यांनी विचारलं नाही. मी कशाला सांगू? कलाकार काय सगळं सांगत बसतो?

टेबल हलवून बघितलं. आम्ही तिघांनी जोर लावला, तसूभरही हललं नाही. जे तीन माणसांना हलत नाही ते पाण्याने काय हलणार?

पट्टी माझ्या टेबलावर आणून ठेवली आहे. हातभर लांब, वजनदार, पेपरवेट म्हणून झकास. दीडशहाणा दारावरून जाताना दिसावी अशी ठेवली आहे. पण तो नेमका साइटवर गेलाय, आठवडाभर. असो. माझ्यासाठी आहे ती.

२४ फेब्रुवारी
बंदरावर गेलो, कोट घालून. क्रेट रॅकवर साखळ्यांनी असा आवळून घेतला की भूकंपातही जागचा हलायचा नाही. क्रेनवाल्याला खालून हातवारे करून मार्गदर्शन केलं. त्याने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. एजंटने बाजूला ओढून सांगितलं की मी पिवळ्या रेषेच्या आत उभा आहे. सगळे एका माळेचे मणी.

क्रेट अलगद चढला. डोळे भरून आले, हे मान्य करतो.

७ मार्च
जहाज मोबाइलवर दिसतं, एक हिरवा बाण. जेवतानाही बघतो. आज बाणाभोवती वादळाचं चिन्ह आहे. एजंटला फोन केला. म्हणाला, बोट डोलतेय, पण साखळ्या शाबूत आहेत. साखळ्या माझ्या आहेत, शाबूत राहतीलच. मस्त जेवलो.

ही म्हणाली, धाकटी विचारत होती, पट्टी आहे ना जागेवर? मी म्हटलं, आहे. तिची सध्याची जागा माझं टेबल आहे, तेव्हा खोटं काहीच बोललो नाही.

२८ मार्च
पोचलं! एजंटने फोटो पाठवले. क्रेटवर साधा ओरखडा नाही! फोटो मोठा करून नोटिसबोर्डवर लावला, डिझाइन विभागासमोरच्या. सासऱ्यांना फोटो पाठवला, त्यांनी अंगठा पाठवला. अंगठा दाखवला की शाबासकी दिली, कळलं नाही. बॅग भरली.

३० मार्च, दुपारी
तिकडे क्रेट उघडला. फोन आला.

टेबल जागेवर नव्हतं. समुद्रभर आत मागेपुढे धावत होतं म्हणे. ज्या रुळांवर ते सरकायचं त्यांचं भरीत झालंय, आणि एका टोकाचं कव्हर फोडून टेबल अर्धं बाहेर लटकतंय. मशीन तिकडे दुरुस्त व्हायचं नाही, पहिल्या बोटीने परत.

हलगर्जीपणा बंदरवाल्यांचा असणार. किंवा कप्तानाचा. वादळ दिसतंय तर वळसा घालायला काय झालं होतं?

३१ मार्च
मालक माझ्या केबिनमध्ये आले. आजवर कधी आले नव्हते. त्यांना वादळाची कल्पना देत होतो. ऐकता ऐकता त्यांनी सहज टेबलावरची पट्टी उचलली, हातात तोलली आणि विचारलं, हे काय आहे?

पेपरवेट, असं म्हणालो.

पट्टी घेऊन ते तडक डिझाइन विभागात गेले. कागद पंख्याच्या वाऱ्याने उडाले, ते गोळा करत बसलो. खाली वाकलेला असलो की बाहेरून दिसत नाही, हा एक फायदा.

१ एप्रिल
तिकडे दीडशहाणा जाणार. टेबल जागेवर बसवून, पट्टी लावून, मशीन बोटीवर चढवून देणार. परत आल्यावर उतरवून घ्यायचं काम डिस्पॅचचं. मालकांनी एवढंच सांगितलं आणि दार बंद केलं.

राजीनामा द्यायचं ठरवलं. हिला सांगितलं. ही म्हणाली, जेवायला वाढू का?

जेवणानंतर ठरवलं की राजीनामा देऊन दीडशहाण्याला मोकळं रान द्यायचं नाही.

५ एप्रिल
घरी आलो तर बॅग नाही. ही म्हणाली, धाकटीकडे दिली, त्यांच्याकडे एवढी मोठी नाही आणि आपली रिकामीच पडून आहे. म्हटलं, रिकामी कुठे, भरलेली होती. म्हणाली, कपडे कपाटात ठेवलेत. आणि उद्या पहाटेची टॅक्सी आहे, पोचवायला जायचंय, आपण मोठे आहोत.

मोठे आहोत म्हणून जाईन. पण बोलणार मात्र नाही.

६ एप्रिल
गेलो. त्यांच्या दारात माझी निळी बॅग, तिच्यावर माझं नाव. खोडायला वेळ मिळाला नसेल. एका अर्थी परदेशी मीच चाललोय, असं मनाशी म्हणून बॅग डिकीत ठेवायला उचलली. आत काहीतरी जड वस्तू या टोकापासून त्या टोकापर्यंत खडखडत गेली.

दीडशहाणा वर्षभराने माझ्याशी बोलला. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, पण अगदी साधेपणाने म्हणाला, साडूभाऊ, पॅकिंग तुमचं खातं आहे. तेवढी पट्टी हलणार नाही अशी बांधून देता का?

भर रस्त्यात गुडघ्यावर बसून बॅग उघडली आणि त्याच्या टॉवेलात पट्टी गुंडाळून सुतळीने घट्ट बांधली.