पाठवते रे नंतर

प्रिय अमीन,

तू माझा नंबर ब्लॉक केलास, म्हणून कागद घेतला. शेवटचं पत्र मी सातवीत लिहिलं होतं, तेही मार्कांसाठी, तेव्हा अक्षर सहन कर. कर्वेनगरात सगळं आहे तसंच आहे. कॅन्टीनचा चहा आणखी पांचट झालाय आणि श्रीधर अजूनही पाकीट रूमवर विसरून येतो.

त्यावरूनच आठवलं. सेकंड इयरला अब्बांनी तुझ्या शेवटच्या वर्षाच्या फीसाठी तुझ्या नावावर एफडी केली आणि तिच्यावर बँकेने तुला क्रेडिट कार्ड दिलं. तेव्हापासून आपल्या ग्रुपचं पाकीट तूच झालास. मिसळ असो की सिनेमा, तू कार्ड काढायचास आणि आम्ही मोबाइलमधून मान वर न करता पाठवते रे नंतर, म्हणायचो. तू कधी मागितले नाहीस. एप्रिलात तारकर्लीला गेलो तेव्हा तर बसपासून खोलीपर्यंत सगळं तुझ्याच कार्डावर. परतताना तू खिडकीशी बसून हिशेब लिहीत होतास, तर मी तुला कंजूष म्हणाले.

मग गेल्या महिन्यातला तो दिवस. कुणाचं काही द्यायचं राहिलंय का, असं तू हळूच विचारलंस. एप्रिलपासून तू नुसता मिनिमम ड्यू भरतोयस, हे तेव्हा कळलं. आणि मी, बँकेत इंटर्नशिप केलेली शहाणी, सगळ्यांसमोर तुझी शाळा घेतली. बिल पूर्ण भरायचं, तेही तारखेच्या आत. मिनिमम भरून थांबलं की उरलेल्यावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज चढतं. अंथरूण पाहून पाय पसरावेत. त्यातलं एक अक्षर चुकीचं नव्हतं. तू मान खाली घालून वडापाव संपवलास आणि सगळ्यांचे पैसे तूच दिलेस.

नंतर तू येईनासा झालास. काल तुझ्या बहिणीने, नसीमने सांगितलं, की मिनिममही भरणं थांबलं तेव्हा बँकेने एफडी मोडून थकबाकी वळती करून घेतली, फी राहिली आणि तू भवानी पेठेत अब्बांच्या बाइंडिंगच्या दुकानात बसतोस. परीक्षाही देणार नाहीस म्हणे. मला आधी तुझाच राग आला. आपली बाजू तरी स्वच्छ आहे ना, हे बघायला मी आपलं जुनं चॅट उघडलं. दोन वर्षांत ‘पाठवते रे’ एकतीस वेळा. पाठवले नऊ वेळा. तारकर्लीचे तर पाठवलेच नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. फार लाज वाटली रे.

माझे अकरा हजार चारशे साठ आणि ग्रुपमधल्या श्रीधर-सुनीतीकडून उकळलेले, असे मिळून तुझ्या फीचा पहिला हप्ता आज भरला. हे उपकार नाहीत, तुझेच पैसे आहेत. परीक्षेचा फॉर्म शनिवारपर्यंत आहे आणि त्यावर सही तुझीच लागते. आपल्या प्रोजेक्टची पानं उद्या बाइंडिंगला देतेय. हे पत्र पान बाराच्या मागे घालते, कारण पानं तूच लावतोस असं नसीम म्हणाली. कव्हरवर सोनेरी अक्षरांत दोन नावं छापायची आहेत. येणार नसशील तर तुझं नाव तू खोड, मी खोडणार नाही. बाइंडिंगचे पैसे मात्र मी अब्बांच्या हातात रोख ठेवीन. नंतर पाठवते म्हणणार नाही.

तुझीच,
उल्का