तिसऱ्या गिअरचा आवाज

ताइतुंग, ३ ऑगस्ट १९९२

ती. दादास,
बी-हुआचा सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक, असंच लिहिणार होते; पण तू बोटीवर बसूनही ओळखशील. बाबांच्या जुन्या मोटारसायकलचा गिअरबॉक्स कुरकुरतोय. सीताफळांच्या करंड्या लादून बाबा बागेतून उतरतात, तेव्हा वळणापलीकडूनच घर्रर्र ऐकू येतं. फक्त तिसऱ्या गिअरमध्ये. क्लच दाबला की थांबतं. बाबांना विचारलं, तर तुझेच कान वाजतात म्हणाले. सत्तरीचा माणूस माझ्या कानांना नावं ठेवतो! मेकॅनिकला दाखवू म्हटलं, तर भुतांचा महिना चाललाय, आत्ता इंजिन उघडणं अशुभ म्हणे. दोन वर्षांपूर्वी जाताना तूच ते खोलून जोडलं होतंस. काय झालं असेल?

लोभ आटू देऊ नकोस.
बी-हुआ

केप टाउन बंदर, ३० ऑगस्ट

चि. बी-हुआस अनेक आशीर्वाद.

पत्र आज मिळालं. तेल काढून त्यात चमकणारा चुरा दिसतो का बघ, असं लिहायला घेतलं होतं. पण कशाला? मला माहीत आहे. गिअरबॉक्स जोडून झाल्यावर एक पातळ वॉशर उरला होता. सकाळी बोट सुटणार होती, आणि बाबा शेजाऱ्यांना बोलावून माझं काम दाखवत होते. मी वॉशर खिशात टाकला.

तिसरा गिअर तेव्हापासून बाजूला सरकत असणार. दात तुटून अडकला, तर उतारावर मागचं चाक जागीच जाम होईल. वॉशर पाठवतोय. किल्ली लपव आणि कुणाकडूनही गाडी उघडून घे. एवढं बोटीचं धूड मी चालतं ठेवतो, पण बाबांची गाडी मला थांबवता येत नाही. परवा पुन्हा समुद्रात. घरी यायला अजून चौदा महिने.

रागाव, पण लोभ ठेव.
चोंग-यी

ताइतुंग, २५ सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

किल्ली लपवली, बाबांकडे दुसरी निघाली. तुझं पत्र वाचून दाखवलं. भुतांचा महिना कधीच संपलाय, म्हणजे तेही कारण उरलं नव्हतं. मग म्हणाले, आवाज पहिल्या दिवसापासून ऐकतोय. पण गावाला दाखवलेलं पोराचं काम दुसऱ्याने उघडायचं नाही, तो येईल आणि तोच बसवेल. मी भांडले, रडले, जेवले नाही. काही उपयोग झाला नाही. वॉशर त्यांनी किल्लीच्या कडीत ओवला.

आज पहाटेच बागेत गेलेत. एरवी चारपर्यंत उतरतात. इतके दिवस तो आवाज नकोसा व्हायचा. आता साडेपाच वाजलेत, मी दारात बसून लिहितेय आणि त्याच घर्रर्रसाठी जीव कासावीस झालाय. अजून काही ऐकू येत नाही.

लोभ असू दे. आवाज आला की पाकीट बंद करते.

बी-हुआ