आय ॲम व्हेरी वेल

हळर्ण, पेडणे
९ ऑगस्ट १९८७

चि. गोकुळदास यास मधुदादाचे आशीर्वाद.

इथं सगळं ठीक. गाय व्याली, वासरू दांडगं आहे.

वास्कोहून तुझं इंग्रजी कार्ड पोचलं. मी मराठीवाला, तू कोंकणीवाला. राजभाषेच्या वादात गेल्या चतुर्थीला ताटावरून उठून गेलास, तेव्हापासून आपण इंग्रजीत लिहितो. कोणाचीच हार नको! सख्खे भाऊ आणि खुशाली साहेबाच्या भाषेत. तुझी वहिनी असती तर दोघांचे कान धरले असते.

दर कार्डात तेच: ‘आय ॲम व्हेरी वेल.’ मीही तेच उलट पाठवतो. परवा पेडण्याच्या वाचनालयात मोठा शब्दकोश उघडला. वेळ जात नाही, दुसरं काय! तर ‘व्हेरी’ म्हणजे मुळात ‘फार’ नव्हेच, ‘खरा’. लॅटिनमधून फ्रेंचांकडे आला, तिथून इंग्रजांनी उचलला. पोर्तुगीज शाळेत आपण घोकलेला ‘व्हेर्दाद’, म्हणजे सत्य, तोही त्याच कुळातला. खोटं बोललं की मास्तर तो पाटीभर लिहायला लावत, आठवतं? पुढे वापरून वापरून ‘व्हेरी’तलं खरेपण झिजलं आणि नुसता जोर उरला.

घरी आलो तर पायरीवर गोपाळ बसलेला, वास्को गाडीवरचा कंडक्टर. म्हणाला, “मदूबाब, गोकुळबाब इस्पितळांत आसलो. तुमकां खबर ना?”

छातीत दुखलं, इस्पितळात पडलास आणि तिथूनच मला ‘व्हेरी वेल’! आधी संताप आला. मग रडलो.

पण मी तरी कुठे खरं लिहीत होतो? मी बरा नाही, गोकुळ. वहिनी गेल्यापासून एका माणसाचा भात शिजतो, तोही उरतो. दिवसभर बोलणं काय ते वासराशी. ते बिचारं वाद घालत नाही.

चतुर्थी जवळ आली. गणपतीवर टांगायची माटोळी काढून धुऊन ठेवली आहे. नारळ, सुपारी, फळं बांधली की ती चौकट एकट्याला वर चढवता येत नाही. दुसरं टोक नेहमी तू धरायचास. हाक मारली तर शेजारी येतील, पण मी मारणार नाही. वजन मी घेईन, तू नुसता हात लाव.

पुढचं तुझ्या भाषेत लिहितो. चुकलं तर हसू नकोस.

भावा, घरा यो. हांव एकटो आसां.

तुझा खरा भाऊ,
मधुकर