राणीचं मरण मी फोनवर सांगितलं त्याबद्दल

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (गुडघा धरलाय, म्हणून यंदा तो कागदावरच.) तुझा खोकला थांबला का? भाऊजींचा रक्तदाब काय म्हणतो? इकडे सगळे ठीक. फक्त मला तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.

एका व्हिडिओ गेममधल्या म्हाताऱ्या राणीला मी आवाज देते हे तुला ठाऊक आहेच. (तुला ठाऊक आहे, हाच तर सगळा घोळ.) रेडिओवर बातम्या वाचण्यात तीस वर्षं गेली, त्यामुळे कळलं की सांगून टाकायची जिभेला सवय. गेम बाजारात येईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही, अशा कागदावर सही केली आणि त्याच रविवारी, राणी शेवटी लेकीसाठी विष पिते, हे तुला फोनवर सांगून मोकळी झाले. तू रडलीस. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! आठवड्याभरात ते इंटरनेटवर सगळीकडे.

खरं सांगते, आधी मला हसूच आलं. हा काय परीक्षेचा पेपर आहे फुटायला? उलट फुकटात जाहिरात झाली, असं मनाशी घोकत मी स्टुडिओत गेले. तिथे गोष्ट लिहिणारी मुलगी (चाळिशीची आहे, पण मला सगळ्या मुलीच) नुसती बसून होती. तो एक प्रसंग तिने चार वर्षं लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. मला म्हणाली, "तिथे लोक खेळायचे थांबले असते हो. तेवढं एक मिनिट माझं होतं." माझी घोकंपट्टी तिथेच संपली.

त्यात संशय गेला खोडरबरवर. (दिवसभर गेम खेळून चुका शोधणारा हा गृहस्थ, म्हणून हे नाव.) दोन लेकींचा बाप, कामावरून काढलं म्हणून खाली मान घालून टेबल आवरत होता. मी घरी जायला निघाले, अर्धा जिना उतरलेही. मग गुडघ्याला शिव्या देत परत चढले आणि साहेबांना म्हटलं, "मी फोडलं."

"कुणाला सांगितलंत?" त्यांनी विचारलं. ते मात्र मी सांगितलं नाही. एक गुपित तरी पोटात राहू दे म्हटलं.

खोडरबरचं टेबल राहिलं. माझंही काम राहिलं, कारण निम्मं रेकॉर्डिंग झालेल्या राणीला दुसरा आवाज कुठून आणणार? लेखिका माझ्याशी कामापुरतंच बोलते. तिचं बरोबरच आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. इंटरनेटवरच्या त्या मजकुरात 'राणि' ऱ्हस्व होती आणि पुढे सात उद्गारचिन्हं. अशी राणी जगात फक्त भाऊजी लिहितात. त्यांनी लेखिकेची चार ओळींत माफी मागावी, त्यासाठीच हा सगळा प्रपंच. पत्ता मागे दिला आहे. शुद्धलेखन तू सुधारू नकोस, त्यांचं त्यांना लिहू दे.

आणखी एक ता. क. गेमचा शेवट आता बदललाय. परवाच नवं रेकॉर्डिंग झालं. काय होतं ते विचारू नकोस. विचारलंस तर मी सांगेन, म्हणून तर फोन न करता पत्र लिहितेय.