पेट्यांना ऊन दिलं

प्रिय अक्का,

परवा मायचा फोन आला, म्हणून लिहितोय. नाहीतर मी आणि पत्र! आठवीनंतर पेन धरला तो हजेरीवर सही करण्यापुरता.

माय खुशीत होती. "दायले ऊन देतस ना, तसं अक्कान्या पेट्यासलेबी दिधं. बठ्ठ्या गच्चीवर मांडी दिध्यात. किडा नको लागाले!"

डाळीसारखं आठ दिवस, अक्का! वैशाखातलं शिंदखेड्याचं ऊन! व्हिडिओवर पाहिलं, पेटीत पंख पसरून टाचणीवर लावलेला तुझा तो हिरवा, लांब शेपटीचा पतंग जुन्या पेपरसारखा पिवळा पडलाय.

चूक मायची नाही. दवाखान्यात तू मला बजावलं होतंस, "पेट्या अंधारात ठेवायला सांग, डांबरगोळ्या बदलत जा." मी हो हो केलं आणि मायला काही न सांगताच, तुझं तेरावं उरकून कोइमतूरची गाडी धरली. इथे पंपाच्या कारखान्यात आहे. हे पाचवं काम. पाठ धरते, हेही सोडावंसं वाटतं. "तुझ्यापेक्षा अळी बरी, कोषात तरी गप बसते," म्हणायचीस ना?

तू तरी कुठे गप बसलीस? धुळ्याच्या कॉलेजात शिकवायचं आणि सुट्टी लागली की सातपुड्यात पतंगांमागे. शेजारचे नाना चिडवायचे, "बठ्ठी कपाशी अळ्या खाई ग्यात, आन तू त्यासना फोटू काढस!"

"चार चोर निघाले म्हणून अख्खं गाव कैदेत टाकता का, नाना?"

मला मात्र तुझा रागच यायचा. एका अळीच्या पानासाठी दोन-दोन तास फिरायचीस. मी शाळा सोडली तेव्हा एकदा तरी कान पिळायचा होतास!

माय एकेक पेटी दाखवत होती. त्यात तो पतंग दिसला, सोनगीरला माझ्या टेम्पोच्या ताडपत्रीवर बसलेला, मी जेवणाच्या डब्यात घालून आणलेला. खाली चिठ्ठी. इंग्रजीत गाव, तारीख आणि आणणाऱ्याच्या जागी माझं नाव. स्पेलिंग जुळवून दोनदा वाचलं. कधी सांगितलंच नाहीस! रंग उडालाय, पण तुझं पेन्सिलीचं अक्षर जसंच्या तसं.

मग तुझ्या कॉलेजातल्या मॅडमना फोन केला, रंग उडालेल्या पेट्या कॉलेजात ठेवून घ्याल का म्हणून. म्हणाल्या, "चिठ्ठ्या आहेत ना? मग घेऊ. पण पार्सल नको, हातात धरून आणा."

मायला मी "बरं केलं" एवढंच म्हणालो. आणखी काय म्हणणार? तुझ्यासाठी तिला तेवढंच करता येत होतं. तू रागावू नकोस तिच्यावर.

मी येतोय, अक्का. एसटीत मांडीवर घेऊन एकेक पेटी धुळ्याला पोचवीन. अकरा पेट्या, अकरा खेपा. हे एक काम मी मधेच सोडणार नाही.

तुझा धाकटा,
प्रवीण